‘भारतभर साइट आहेत’: कंपनीचा नकाशा कसा वाचाल?

आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा शेवटचा पेपर झाला की जत तालुक्यातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : ‘कंपनी मोठी आहे, भारतभर साइट आहेत.’ सांगणारा कधी कंत्राटदाराचा माणूस असतो, कधी पाहुण्यांपैकी कुणी, कधी कॉलेजात मुलाखती घ्यायला आलेला साहेब. आईवडिलांना ऐकून धीर येतो. एवढी पसरलेली कंपनी बुडणार नाही, पोराला कुठे ना कुठे काम राहील, असं त्यांना वाटतं. पण कारखाना कोणत्या गावात, नुसतं ऑफिस कुठे, साइट कुठे आणि त्यातल्या कोणत्या जागी आपल्या शिक्षणाचं काम आहे, यातलं काहीच त्या वाक्यातून कळत नाही. ही माहिती मिळवता येते, आणि तीही बहुतेक फुकट. नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी एक संध्याकाळ त्यासाठी काढा.

उदाहरण पवनचक्क्यांचं घेऊ, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर उभं आहे. जत, कवठेमहांकाळ, ढालगावच्या माळावर पवनचक्क्या आहेत. शेजारच्या साताऱ्यात चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडेच्या पठारांवर त्या आपल्याही आधीपासून आहेत. या धंद्यातलं भारतातलं सगळ्यांत ओळखीचं नाव सुझलॉन. तुलसी तांती यांनी 1995 मध्ये ही कंपनी काढली. त्यांचा मूळ व्यवसाय गुजरातमध्ये कापडाचा. विजेचं बिल परवडेना म्हणून त्यांनी पवनचक्क्या घेतल्या आणि पुढे त्याच बनवायला लागले. आज देशाच्या पश्चिम आणि दक्षिण भागांत या कंपनीचं काम पसरलेलं आहे. तिच्याकडे पाहून आपण नकाशा वाचायला शिकू. मग तीच रीत सिमेंट, साखर, औषधं किंवा सौरऊर्जेच्या कंपनीलाही लावता येईल.

स्टेशनरीच्या दुकानातून भारताचा कोरा नकाशा आणा आणि चार रंगांची पेनं घ्या.

लाल रंगानं नोंदणीकृत कार्यालय दाखवा. हा कंपनीचा कायद्यापुरता पत्ता असतो. सुझलॉनचा असा पत्ता अनेक वर्षं अहमदाबादचा होता आणि रोजचा कारभार पुण्यातून चालायचा. याहून जवळचं उदाहरण आपल्या गावाच्या नावाचंच आहे. ‘रिन्यू विंड एनर्जी (जत)’ या नावाची कंपनी आहे, तिचा सुमारे 85 मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प आपल्याच भागात आहे, पण तिची कागदोपत्री नोंद दिल्लीच्या पत्त्यावर झाली. तेव्हा नावात जत आहे म्हणून भरती जतमध्ये होईल असं धरून चालू नका. लाल ठिपक्यावरून नोकरीचा काहीच अंदाज येत नाही. तक्रारीचं पत्र किंवा वकिलाची नोटीस कुठे पाठवायची, हे मात्र त्यावरूनच ठरतं.

निळा रंग मुख्य कार्यालयाला द्या. सुझलॉनचं ते पुण्यात हडपसरला आहे. यंत्राची रचना, खरेदी, हिशेब, करार ही कामं अशा ठिकाणी होतात आणि दूरवरच्या पवनचक्क्यांवर संगणकातून नजर ठेवणारी माणसंही अशाच ठिकाणी बसतात. इथे पदवीधर इंजिनिअर, वाणिज्य शाखेची आणि संगणक शिकलेली मुलं लागतात. जतच्या माळावरचं यंत्र बंद पडल्याचं पुण्यात पडद्यावर दिसतं, पण ते दुरुस्त करायला माणूस शिडीवर चढतो तो माळावरच. एकाच यंत्रावरची ही दोन कामं. त्यांचं शिक्षण वेगळं, पगार वेगळा आणि राहायचं गावही वेगळं.

हिरव्या रंगानं कारखाने दाखवा, आणि इथे जरा वेळ द्या. या कंपनीचे कारखाने वेगवेगळ्या काळात दमण, पुदुच्चेरी, कच्छमध्ये भुज आणि गांधीधाम, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पडुबिद्री, आपल्या राज्यात धुळे, राजस्थानात जैसलमेर, आंध्रात अनंतपूर अशा ठिकाणी राहिले आहेत. एका नजरेत ही नावं विखुरलेली वाटतात, पण प्रत्येकामागे कारण आहे. दमण आणि पुदुच्चेरी हे केंद्रशासित प्रदेश. तिथल्या करसवलतींमुळे एके काळी कितीतरी उद्योग तिकडे गेले. पवनचक्कीच्या डोक्यावरची पेटी, जिच्यात जनित्र आणि गिअरबॉक्स असतात, जड असली तरी ट्रेलरवर लांबवर नेता येते. त्यामुळे ती दूरच्या कारखान्यात बनवली तरी चालतं.

पात्याचं गणित निराळं. ज्या यंत्राच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 120 मीटर, त्याचं एकेक पातं साठ मीटरच्या आसपास भरतं. ते दुमडता येत नाही आणि दोन तुकड्यांत सहसा नेत नाहीत. घाटातलं एक वळण त्याला दिवसभर अडवू शकतं. म्हणून पात्यांचा कारखाना वाऱ्याच्या प्रदेशाजवळ किंवा बंदराजवळ काढतात. भुज, जैसलमेर, अनंतपूर, धुळे ही नावं पुन्हा वाचा, सगळी वाऱ्याच्या पट्ट्यातली आहेत. एखाद्या भागात नव्या पवनचक्क्या उभ्या राहणं थांबलं की तिथल्या पात्यांच्या कारखान्याचं कामही आटतं. करसवलतीवर उभा असलेला कारखाना सवलतीची मुदत संपताना डळमळतो, तर बाजारपेठेजवळचा कारखाना मागणी घटली की अडचणीत येतो. हिरवा ठिपका दिसला की ‘हा इथे का?’ असं विचारा. उत्तर मिळालं की तो किती काळ टिकेल याचाही अंदाज येतो.

उरल्या साइट. त्या काळ्या रंगानं दाखवा. पवनऊर्जेत साइट वारा ठरवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातून मिळू शकणारी ऊर्जा आठपट होते. सेकंदाला सहा मीटरऐवजी सात मीटर वारा मिळाला तरी दीडपटीहून अधिक फरक पडतो. म्हणून कंपन्या एकेका टेकडीसाठी धडपडतात. तमिळनाडूत पश्चिम घाटातल्या खिंडींतून वारा जोरात घुसतो, तिथे मुप्पंदलला पवनचक्क्यांची दाटी आहे. कच्छ, जैसलमेर, गदग, चित्रदुर्ग, अनंतपूर, धुळ्याचं ब्राह्मणवेल हे सगळे वाऱ्याचे मुलूख. पंजाब, उत्तर प्रदेश, बिहार इथे या रंगाचा ठिपका जवळजवळ सापडणार नाही. ‘भारतभर साइट’ या शब्दांचा अर्थ पवनऊर्जेत सातआठ राज्यं एवढाच होतो.

जत या यादीत का आलं, तेही समजून घ्या. मोसमी वारा सह्याद्रीवर पाऊस टाकून पुढे येतो तेव्हा आपल्या वाट्याला पाणी उरत नाही, पण वारा उरतो. त्याला अडवायला इथे ना दाट झाडी आहे ना उंच डोंगर. ज्या भूगोलानं तालुका दुष्काळी केला, त्यानंच कंपन्यांना इथे आणलं. पण त्यांनी इथे साइट आणल्या, पवनचक्क्यांचे कारखाने आणले नाहीत. साइटवर काम दोन टप्प्यांत असतं. उभारणीच्या काळात शेकडो माणसं लागतात, रस्ते होतात, क्रेन येतात, गावातल्या खोल्या भाड्यानं जातात. हा टप्पा वर्ष-दोन वर्षांत संपतो. पुढची वीस-पंचवीस वर्षं देखभालीची, आणि तिला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी कुशल माणसं पुरतात. तुम्हाला सांगितलेलं काम कोणत्या टप्प्यातलं आहे, हा मुलाखतीतला पहिला प्रश्न असू द्या. उभारणीचं काम वाईट नसतं, शिकायला भरपूर मिळतं. पण ते संपलं की पुढची साइट कच्छमध्ये असू शकते. त्याची तयारी घरात आधी बोलून ठेवलेली बरी.

नकाशा एकदा काढला की झालं, असं होत नाही. त्यावर तारखा घाला. महाराष्ट्रात पूर्वी पवनऊर्जेचा दर वीज नियामक आयोग ठरवून द्यायचा, आणि त्या दरानं मध्यम वाऱ्याच्या जागाही परवडायच्या. फेब्रुवारी 2017 मध्ये देशात पवनऊर्जेचा पहिला लिलाव झाला आणि दर युनिटला 3 रुपये 46 पैशांवर आला. त्याच वर्षी पुढच्या एका लिलावात तो अडीच रुपयांच्याही खाली गेला. एवढ्या दरात वीज देणं सगळ्यांत जोराच्या वाऱ्याच्या जागीच जमतं, त्यामुळे नव्या प्रकल्पांचा ओघ कच्छ आणि दक्षिण तमिळनाडूकडे वळला. एका सरकारी निर्णयानं काळे ठिपके शेकडो किलोमीटर सरकले. म्हणून दहा वर्षांपूर्वी इथे लागलेल्या चुलतभावाचा अनुभव आज जसाच्या तसा धरू नका. जुन्या लहान यंत्रांच्या जागी मोठी बसवण्याचं धोरणही केंद्रानं आणलं आहे. वनकुसवड्यासारख्या जुन्या जागांवर 350 किलोवॉटची यंत्रं होती, आताचं एकेक यंत्र तीन मेगावॉटचं किंवा त्याहूनही मोठं असतं. बदल झाला तर त्याच पठारावर यंत्रं कमी आणि वीज जास्त, असं चित्र होईल. अशा जागी मोठ्या यंत्राचं प्रशिक्षण घेतलेल्यालाच काम मिळेल.

आता याच सांगली जिल्ह्यातला एक अगदी वेगळा नकाशा पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ओसाड माळ त्यांना दिला, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर तिथे तयार झाले, पुढे पंप आले. तिथे कारखान्याबरोबर वस्ती आणि शाळा असं गावच उभं राहिलं. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी कारखाना तिथे आहे. मग ठिपके बाहेर पसरत गेले : 1941 मध्ये हरिहर, 1946 मध्ये बंगळुरू आणि पुण्यात खडकी, नंतर मध्य प्रदेशात देवास, आपल्याकडे कागल आणि सोलापूर. कोइम्बतूरचा पंपांचा कारखाना तर पूर्णपणे स्त्रिया चालवतात. जतच्या मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

ओतशाळा, साचे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर ज्या कारखान्यात आहेत, तो सहजासहजी हलत नाही. ज्याला मुळं रोवायची आहेत, घरची शेती आणि म्हातारे आईवडील सांभाळायचे आहेत, त्यानं असे ठिपके शोधावेत. पलूस, कागल, कराड, सोलापूर ही सुट्टीला घरी येता येईल अशा अंतरावरची गावं आहेत. मात्र एक सावधगिरी बाळगा. किर्लोस्कर हे एका कंपनीचं नाव नाही. किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना एका कंपनीचा, खडकी आणि कागलचा इंजिनांचा दुसऱ्या, सोलापूरचा बिडाच्या ओतकामाचा तिसऱ्या. आडनाव एक असलं तरी मालक आणि नोकरीचे नियम निरनिराळे. कागलला लागलो की पुढे किर्लोस्करवाडीला बदली घेऊ, असा हिशेब करून कुणी रुजू होऊ नये. टाटा, बिर्ला, महिंद्रा अशा कोणत्याही समूहाला हे लागू आहे.

ही माहिती शोधायची कुठे? कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर असतो. तो शे-दोनशे पानांचा असला तरी घाबरू नका, तुम्हाला दोनच जागा पाहायच्या आहेत. कंपनी सुशासनाच्या प्रकरणाच्या शेवटी भागधारकांसाठीची माहिती असते आणि तिथे कारखान्यांच्या जागा दिलेल्या असतात. सेबीच्या नियमानं त्या द्याव्याच लागतात. दुसरी जागा म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. बाजारमूल्यानं पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून तो सक्तीचा आहे. त्याच्या सुरुवातीच्या तक्त्यांत देशात किती कारखाने आणि किती कार्यालयं, किती राज्यांत विक्री, कायम कर्मचारी आणि कामगार किती, कायम नसलेले किती, वर्षभरात किती टक्के लोक सोडून गेले, हे सगळं आकड्यांत असतं. माझ्या मते अख्ख्या अहवालात नोकरी शोधणाऱ्याच्या सर्वांत उपयोगाची पानं हीच. कायम नसलेले कामगार कायम कामगारांच्या दुप्पट-तिप्पट दिसले, तर तुमची नेमणूकही कंत्राटदारामार्फत होण्याचा संभव मोठा, हे ओळखा.

कंपनी बाजारात नसेल, तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. कंपनी कधी स्थापन झाली, नोंदणीकृत पत्ता काय, ती चालू आहे की बंद, एवढं तरी कळतं. नेमणूक करणाऱ्या कंत्राटदाराचं नावही तिथे तपासा.

नेमणुकीच्या पत्रात तीन ओळी शोधा. पहिली, पत्र कुणाच्या नावानं आहे. छातीवरचा बिल्ला मोठ्या कंपनीचा आणि पगार तिसऱ्याच एजन्सीचा, असं साइटवर सर्रास चालतं. ते बेकायदा नाही, आणि कंत्राटदारानं वेतन थकवलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, अशी तरतूद कायद्यात आहे. पण ती जबाबदारी दाखवून द्यायला तुमच्याकडे कागद हवा. दुसरी ओळ कामाच्या ठिकाणाची. ‘कंपनीच्या भारतातील कोणत्याही ठिकाणी’ असं लिहिलं असेल तर पहिलं ठिकाण कोणतं, किमान किती काळ, आणि बदली झाल्यास प्रवास व मुक्कामाचा खर्च कोण देणार, हे ईमेलवर विचारून घ्या. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी वर्षभरात दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. तिसरी ओळ पगाराची. किमान वेतन राज्याराज्यांत वेगळं असतं, महाराष्ट्रात तर परिमंडळानुसारही बदलतं. नियम लागतात ते काम जिथे आहे तिथले. त्यामुळे ‘पुण्याची कंपनी’ ऐकून पुण्याचा दर मनात धरू नका.

भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक क्रमांक (यूएएन) राज्य बदललं, कंपनी बदलली, तरी एकच राहतो. दर वेळी नवा काढून देणाऱ्याला थांबवा आणि जुनाच द्या. पासबुकात दर महिन्याला कोणाच्या नावानं रक्कम जमा होते ते मोबाइलवर दिसतं, आणि तुमचा खरा मालक कोण याचा तो सर्वांत साधा पुरावा आहे. कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर साइटपासून जवळचा दवाखाना कोणता, ते आधी विचारा. मुलींसाठी आणखी एक. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती 2013 च्या कायद्यानुसार कंपनीच्या प्रत्येक कार्यालयात, शाखेत असावी लागते. मुख्य कार्यालयात एक असून भागत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ‘इथली समिती कोणती?’ हे विचारायला संकोच वाटू देऊ नका.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, घरी पोचायला लागणाऱ्या तासांत मोजा. आपलं जत रोड स्टेशन नावापुरतं आपलं, प्रत्यक्षात लांबच्या गाडीसाठी मिरज गाठावं लागतं. त्यात साइट म्हणजे स्टेशनापासून आणखी आत कुठेतरी. या बाबतीत खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं फार मोलाची आहेत. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी ती देशभर पसरली, आणि ज्या शहरात तुम्ही जाणार तिथे त्यांचं एखादं दुकान असण्याचा संभव दांडगा. ओळख काढून फोन करा. खोलीभाडं, पाणी, दवाखाना, गावाकडे येणारी गाडी यांची खरी माहिती कंपनीच्या माणसापेक्षा त्यांच्याकडे जास्त असते.

शिक्षण कोणत्या ठिपक्याला जुळतं, तेही पाहा. साइटवर इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि फिटर यांना मागणी असते. महाराष्ट्र शासनाचा तारतंत्री परवाना काढून ठेवला तर अर्जाला वजन येतं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेशी जोडलेला ‘वायुमित्र’ हा प्रशिक्षणक्रम याच कामासाठी आहे. उंचीवरचं काम, प्रथमोपचार आणि आग यांचं सुरक्षा प्रशिक्षण कंपनी स्वतःच्या खर्चानं देते का, ते विचारा. शंभर मीटरवर दोराला बांधून काम करणाऱ्यासाठी हे प्रशिक्षण म्हणजे जिवाचा प्रश्न आहे, आणि ते न देता वर चढायला सांगितलं तर नकार द्या, नोकरी गेली तरी. ज्यांना उंची सोसत नाही त्यांनी कारखान्याचा हिरवा ठिपका धरावा. मोल्डर, मशिनिस्ट, वेल्डर यांची जागा तिथे आहे. महाराष्ट्रात वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये असतो, म्हणून देखभालीची मोठी कामं त्याआधी उरकतात. अर्ज घेऊन साइट ऑफिसला जायचं तर दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत जा.

आणि पूर्व भागातल्या मुलांसाठी. उमदी, संखच्या बाजूला घरोघरी कन्नड बोलली जाते, तालुक्यात कन्नड शाळा आहेत, आणि जतहून विजापूर सांगलीपेक्षा जवळ पडतं. पवनऊर्जेच्या नकाशावर कर्नाटक हे वजनदार राज्य आहे. तिथल्या साइटवर जमीनमालकाशी, वीज मंडळाच्या माणसाशी, मजुरांशी कन्नडमधून बोलणारा आणि वरच्या अधिकाऱ्याला हिंदी-मराठीत अहवाल देणारा तंत्रज्ञ कंपनीला सहज सापडत नाही. बायोडाटात भाषांच्या रकान्यात आपली बहुतेक मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच लिहितात. त्यात कन्नड लिहा, आणि मुलाखतीत ठिकाण विचारलं तर गदग किंवा चित्रदुर्ग स्वतःहून मागा.